विजापुरातला मुक्कामाचा दिवस

मराठी मुलाची विजापूरशी पहिली ओळख होते ती चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात. तेथे विजापूर म्हणजे एक दरबार, दरबारात ठेवलेला विडा आणि तो विडा उचलून निघालेला अफझलखान. धडा संपला की विजापूरही संपते. त्या शहरात माणसे राहत होती, ती पाणी कोठून आणत होती, हिशेब कोणत्या भाषेत लिहीत होती, दळताना काय गात होती, हे कोणी विचारत नाही. वर्गातल्या मुसलमान मुलाची मात्र या धड्याशी आणखी एक गाठ पडते. धडा सुरू झाला की चार नजरा त्याच्याकडे वळतात, जणू तो विडा त्याच्याच आजोबाने उचलला होता. आम्ही सगळे अशाच वर्गांतून शिकून बाहेर पडलेलो. म्हणून सोलापूर, विजापूर, गुलबर्गा, बिदर असा सायकलप्रवास ठरला, तेव्हा पायांना विसावा द्यायचा एक दिवस विजापुरातच काढायचा हे आम्ही आधीच पक्के केले होते.

आम्ही पाच जण. एक शाळामास्तर, एक बँकेतला कारकून, एक मोटार रिवाइंडिंगचे दुकान चालवणारा, एक निवृत्त एस. टी. कंडक्टर आणि एक कॉलेजात शिकणारा पोरगा. सोलापूरहून विजापूर शंभर किलोमीटरच्या आसपास. टाकळीपाशी भीमा ओलांडली की महाराष्ट्र संपतो आणि दुकानांच्या पाट्या कन्नड होतात. पाट्या बदलतात, पण ज्वारीची शेते तीच, काळी माती तीच, भाकरीबरोबरची शेंगाची चटणीही तीच. १९५६ सालापर्यंत विजापूर जिल्हा मुंबई राज्यातच होता. भाषावार प्रांतरचनेत तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे या सरहद्दीचे वय आमच्या कंडक्टर चाचांच्या वयापेक्षा फारसे जास्त नाही.

सायकलवरून जाणाऱ्याला एक गोष्ट कळते, ती मोटारीतल्या माणसाच्या ध्यानात येत नाही. चढ कोठे आहे, उतार कोठे आहे आणि पाणी किती अंतराने मिळते, हे त्याच्या मांड्यांना आणि घशाला समजते. विजापूरच्या आसपास मोठी नदी नाही. भीमा मागे राहते, कृष्णा पुढे दूर असते. मधल्या या कोरड्या माळावर दोनशे वर्षे एक राजधानी कशी नांदली, हा प्रश्न घेऊनच आम्ही गावात शिरलो. गोलघुमट तर कितीतरी आधीपासून क्षितिजावर दिसत होता.

शुक्रवार होता. सकाळी लवकर उठून आम्ही आधी गोलघुमट गाठला. आदिलशाहीचा सातवा सुलतान मुहम्मद आदिलशहा (१६२७-१६५६) याची ही कबर. चौकोनी दालनावर एकच घुमट, आतला व्यास सुमारे १२४ फूट, आणि दालनात मध्ये आधाराला एकही खांब नाही. चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा तर कोपऱ्यांचे काय करायचे, हा बांधकामातला जुना पेच. येथल्या गवंड्यांनी तो एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानींनी सोडवला. कमानी छेदत वर जातात, चौकोनाचा अष्टकोन होतो आणि अष्टकोनाचा गोल. घुमटाचा भार भिंती बाहेर ढकलू पाहतो आणि आत झुकलेल्या या कमानींचे वजन त्या भिंतींना आत ओढून धरते. आमच्या रिवाइंडिंगवाल्या मित्राने मान वर करून बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "मास्तर, ह्यानं हिशेब करून बांधलंय, अंदाजानं नव्हे."

हा 'ह्यानं' कोण? गोलघुमटाचे काम परंपरेने दाभोळच्या याकूतच्या नावावर सांगितले जाते. दाभोळ म्हणजे आपल्या रत्नागिरीचे दाभोळ. आदिलशाहीचे ते मोठे बंदर होते. मलिक याकूत हे नाव जामा मशिदीच्या मिहराबीवरच्या १६३६ सालच्या लेखातही आहे. त्या मिहराबीवरची सोनेरी नक्षी त्याच्या देखरेखीखाली झाली आणि लेखात तो स्वतःला सुलतानाचा गुलाम म्हणवतो. सुलतानाचे नाव पुस्तकात राहिले, गुलामाचे दगडावर. आमच्यासारख्या साध्या घरांतल्या लोकांनी दोहोंपैकी कोणाशी नाते सांगावे, हे सांगायला नको.

खाली चौथऱ्यावर सुलतानाच्या कबरीशेजारी त्याच्या बेगमांच्या कबरी आहेत, मुलीची आहे, नातवाची आहे, आणि रंभा नावाच्या नर्तकीचीही कबर तेथेच दाखवतात. वरच्या सज्जात सहलीला आलेली शाळेची मुले होती. कोणी कन्नडात, कोणी मराठीत एकमेकांची नावे पुकारत होती आणि घुमट प्रत्येक नाव पुन्हा पुन्हा परत करत होता. पहारेकरी ओरडून थकला होता.

तेथून आम्ही आर्किल्ल्यात, म्हणजे जुन्या बालेकिल्ल्याच्या भागात आलो. येथे करीमुद्दीनची मशीद आहे. १३२० सालची, म्हणजे आदिलशाहीच्या दीडशेहून अधिक वर्षे आधीची, दिल्लीच्या खिलजींच्या स्वाऱ्यांनंतरची. मशिदीत शिरताच दिसतात ते देवळाचे खांब. उंची जुळवण्यासाठी काही ठिकाणी एकावर एक चढवलेले. ही गोष्ट लपवण्यासारखी नाही आणि लपवून लपणारीही नाही. जे घडले ते दगडात उभे आहे. विजयी फौजा पराभूतांच्या पूजास्थानांचे साहित्य वापरत, आणि त्या काळच्या सत्तेचा हा रिवाज होता एवढे म्हणून त्याचे समर्थन होत नाही. पण याच मशिदीच्या लेखात आणखी एक नाव आहे. नागरी अक्षरांत कोरलेल्या त्या मजकुरात साळोटगीच्या रेवय्या नावाच्या कारागिराचा उल्लेख येतो. साळोटगी इंडी तालुक्यातले गाव, आदल्या दिवशी आमच्या रस्त्याच्या डाव्या अंगाला राहिलेले. देवळाचे खांब मशिदीत बसवणारा हात साळोटगीच्या रेवय्याचा होता. त्याला ते काम करताना काय वाटले असेल? जुलमाने केले की मजुरीने? दगड एवढे सांगत नाही. पण 'त्यांनी पाडले' आणि 'आम्ही बांधले' अशा दोन सरळ ओळींत हा इतिहास मावत नाही, एवढे त्या नावावरून कळते.

जुम्म्याची नमाज आम्ही जामा मशिदीत पढलो. पहिल्या अली आदिलशहाने (१५५८-१५८०) ही मशीद उभी केली. १५६५ साली तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पाडाव झाल्यावर विजापूरकडे जी संपत्ती आली, तिच्यातून या शहराची बरीच मोठी बांधकामे झाली. हंपीचे भग्नावशेष पाहून आलेल्या माणसाला या मशिदीच्या भव्यतेत त्याही शहराची किंमत दिसली पाहिजे. मशिदीच्या फरशीवर नमाज्यांसाठी चौकटी आखलेल्या आहेत, एकूण २,२५०. औरंगजेबाने त्या आखून घेतल्या आणि मशिदीतले मखमली गालिचे मात्र नेले, असे येथले लोक आजही सांगतात. सांगणाऱ्या बुजुर्गांच्या स्वरात साडेतीनशे वर्षांपूर्वीची तक्रार अजून ताजी होती. "गालिचे ले गया, लकीरां छोड के गया," असे ते म्हणाले आणि आम्ही सगळे हसलो.

त्यांची ती बोली आमच्या ओळखीची होती. "कां से आए तुम लोगां? सायकिल पो? इत्ते धूप में?" दखनीत 'नक्को' म्हणतात, तो मराठीचा 'नको'. दखनीत 'मैंच', 'वोच', 'ऐसाच' म्हणतात, त्यातला 'च' मराठीचा. लखनौ-दिल्लीच्या उर्दूला ही बोली ओबडधोबड वाटली, आणि आमच्यातल्याही पुष्कळांना घरची दखनी चारचौघांत बोलायची लाज वाटू लागली. पण याच बोलीत विजापूरच्या नुसरतीने 'गुलशन-ए-इश्क' आणि 'अलीनामा' ही दीर्घकाव्ये लिहिली, तेव्हा उत्तरेत उर्दू कवितेचा डौल अजून यायचा होता.

जेवण उरकून आम्ही शहराच्या पश्चिम तटाकडे निघालो. शहराचा कोट सुमारे दहा किलोमीटरच्या घेराचा. सामान खोलीवर ठेवलेले, त्यामुळे सायकली हलक्या झाल्या होत्या. शेर्जा बुरुजावर 'मलिक-ए-मैदान' आहे, जिला मराठीने 'मुलुखमैदान' करून टाकले आणि पुढे ते नाव फर्ड्या वक्त्यांना बहाल केले. लांबी सुमारे १४ फूट, वजन पन्नास टनांच्या वर. तोंडाशी सिंहाचा जबडा आणि त्या जबड्यात हत्ती. १५४९ साली मुहम्मद बिन हसन रूमी या तुर्की ओतकाराने अहमदनगरला ती ओतली, निजामशहासाठी. तेथून परांडा आणि परांड्याहून विजापूर असा तिचा प्रवास झाला. म्हणजे एका मुसलमान सुलतानाची तोफ दुसऱ्याने नेली. हिचा शेवटचा अपमान मात्र इंग्रजी अमलात व्हायचा होता. १८५४ साली निरुपयोगी सामानाच्या लिलावात तिची सर्वांत चढी बोली दीडशे रुपये आली. मामलेदाराला ती रक्कम फारच कमी वाटली, त्याने वर कळवले आणि लिलाव रद्द झाला. एका मामलेदाराच्या व्यवहारी बुद्धीने ही तोफ वाचली.

तोफेपासून थोड्याच अंतरावर ताजबावडी. ही विहीर १६२० साली मलिक संदलने बांधली, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची बेगम ताज सुलताना हिच्या नावाने. दोन बाजूंना अष्टकोनी मनोरे, मधे मोठी कमान आणि कमानीतून उतरत जाणाऱ्या पायऱ्या. वाटसरूंना उतरायला भोवती खोल्या. मधली कित्येक वर्षे या विहिरीत कचरा आणि निर्माल्य साठले होते. गेल्या काही वर्षांत गाळ उपसला गेला आणि पाणी पुन्हा दिसू लागले.

आमच्या सकाळपासूनच्या प्रश्नाचे उत्तर येथून सुरू झाले. नदी नसलेल्या राजधानीने पाणी कोठून आणले? पश्चिमेला तोरवीजवळचे पाणी भुयारी मार्गाने शहराकडे आणले गेले. तेथली सुरंग बावडी त्याच योजनेचा भाग. दक्षिणेला १६५१ साली मुहम्मद आदिलशहाने बेगम तलाव बांधला आणि तेथून मातीच्या नळांची, भोवती चुन्याचे बांधकाम असलेली वाहिनी शहरात नेली. वाटेत ठरावीक अंतरावर 'गंज' म्हणजे चुनेगच्ची मनोरे उभे केले. पाणी मनोऱ्यात चढते, तेथे त्याचा दाब कमी होतो, गाळ तळाशी बसतो आणि निवळलेले पाणी पुढे उतरते. दाब आवरला नाही तर मातीचे नळ फुटणार, गाळ बसला नाही तर तुंबणार. एकाच मनोऱ्याने दोन्ही दुखणी दूर केली. शहरात हौद, कारंजी, मशिदींची वजूची टाकी या पाण्याने भरत. असे काही गंज आजही रस्त्याच्या कडेला उभे आहेत. कोणावर जाहिरातीचा कागद चिकटलेला, कोणाच्या सावलीत पंक्चरवाला बसलेला. तिकीट नाही, पाटी नाही, फोटो काढणारा कोणी नाही.

आम्हाला वाटते, शहराचा खरा इतिहास या गंजांमध्ये आहे. गोलघुमट एका माणसाच्या मृत्यूसाठी बांधला. गंज हजारो माणसांच्या रोजच्या जगण्यासाठी. पाणी पिणाऱ्याला कोणी मजहब विचारला नसेल असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. जातींच्या विहिरी तेव्हाही वेगळ्या असतील. पण हिजरी सन, शक आणि लढायांच्या तारखा पाठ करणाऱ्यांनी या मनोऱ्यांची उंची एकदा मोजावी.

इब्राहिम रोजा तटाबाहेर आहे. दुसरा इब्राहिम आदिलशहा (१५८०-१६२७) येथे विसावला आहे, शेजारी बेगम ताज सुलताना. एका चौथऱ्यावर समोरासमोर कबर आणि मशीद, मधे हौद. दारां-खिडक्यांच्या दगडी जाळ्या अक्षरांच्याच कोरलेल्या. प्रकाश आत येतो तो आयतींच्या अक्षरांमधल्या फटींतून. हा सुलतान स्वतःला 'जगद्गुरू' म्हणवून घेत असे. 'किताब-ए-नवरस' हा त्याचा दखनी गीतांचा संग्रह. त्यात तो सरस्वतीलाही वंदन करतो आणि पैगंबरांना व गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदेनवाज गेसूदराजांनाही. त्याच्या तंबोऱ्याचे नाव होते 'मोतीखान'. त्याच्याच आश्रयाने फरिश्त्याने आपला प्रसिद्ध इतिहास लिहिला, फारसी कवी जुहूरी येथे राहिला. १५९९ साली त्याने तोरवीपाशी 'नवरसपूर' नावाचे नवे शहर वसवायला घेतले, संगीताचे शहर. १६२४ साली मलिक अंबरने ते लुटून उजाड केले. भातवडीच्या विजयानंतरची ही गोष्ट. त्या लढाईत शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूने लढले होते आणि पुढे १६३६ साली ते आदिलशाहीच्याच चाकरीत आले. कोण कोणाच्या बाजूने हे धर्मावरून ठरवणाऱ्याला दख्खनचे हे पन्नास वर्षांचे राजकारण कधीच उलगडणार नाही. भोसले, घोरपडे, निंबाळकर, घाटगे, माने, डफळे, जावळीचे मोरे, ही सारी घराणी आदिलशाहीची मनसबदार होती. दरबारात दखनी, इराणी-तुराणी आणि हबशी सरदारांची भांडणे जेवढी पेटत, तेवढी हिंदू-मुसलमान अशी पेटलेली दिसत नाहीत.

कारभाराची भाषा हा तर आमचा जिव्हाळ्याचा विषय. फरिश्ता नोंदवतो की पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (१५३४-१५५८) हिशेबाचे दफ्तर फारसीतून काढून हिंदवीत आणले आणि ब्राह्मण कारकुनांच्या हाती दिले. हिंदवी म्हणजे येथल्या मुलखाची भाषा. आदिलशाहीच्या मराठी मुलखात ती मराठीच होती. वर फारसी मायना आणि खाली मोडीत मराठी मजकूर असे आदिलशाही कागद इतिहास संशोधकांना ठाऊक आहेत. दफ्तर, महसूल, तारीख, अर्ज, शिक्का, जमाखर्च हे शब्द मराठीत असे नांदत आले. पुढे शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यालाही कारण हेच की कारभारात हे शब्द हाडीमांसी रुजले होते. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला आजही कोणी कौतुकाने विचारतो, "तुम्ही इतकी चांगली मराठी कोठे शिकलात?" त्याने विजापूरच्या दफ्तराकडे बोट दाखवावे. मराठीत मुसलमानांचा शिरकाव कालपरवाचा नाही.

उन्हे कलल्यावर आम्ही तोरवीच्या बाजूला निघालो. वाटेत आत वळून 'साठ कबर' नावाची जागा आहे. एका चौथऱ्यावर एकसारख्या कबरींच्या रांगा. वाटाड्या सांगतो, अफझलखानाने प्रतापगडाला जाण्यापूर्वी आपल्या सर्व बायका मारून येथे पुरल्या. संख्या तो ६३ सांगतो. कथा चटपटीत आहे, अंगावर काटा आणणारी आहे आणि म्हणूनच चालते. आमच्या मास्तरांनी त्याला विचारले, "कबरीवर काही लिहिलेले आहे का?" तो म्हणाला, "नाही साहेब, पण सगळे असेच सांगतात." इतिहासात 'सगळे असेच सांगतात' या पुराव्यावर किती माणसांचे आणि किती जमातींचे चारित्र्य ठरवले गेले आहे! अफझलखान १६५९ च्या १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली मारला गेला, हे खरे. तो आदिलशाहीचा सरदार होता, आपल्या धन्याच्या हुकुमावरून एका नव्या राज्याचा पाडाव करायला निघाला होता, हेही खरे. शिवरायांच्या फौजेतही मुसलमान होते आणि अफझलखानाच्या फौजेतही मराठे होते, हे दोन्ही बाजूंच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. या तीन खऱ्या गोष्टी सोबत ठेवल्या तर चौथीच्या वर्गातल्या त्या मुलाकडे वळणाऱ्या नजरा खाली जातील. कबरी कोणाच्या, हे त्यांनाच ठाऊक. आम्ही फातिहा पढून निघालो.

परतताना शहापूरच्या टेकडीकडे वळलो. येथे विजापूरच्या चिश्ती सूफींची परंपरा निजली आहे. मीरांजी शम्सुल उश्शाक, त्यांचे पुत्र बुऱ्हाणुद्दीन जानम, नातू अमीनुद्दीन आला. या सूफींनी आणि त्यांच्या मुरीदांनी दखनीत 'चक्कीनामे' आणि 'चरखानामे' रचले. जात्यावर बसलेल्या, सूत कातणाऱ्या बायकांनी गावेत म्हणून केलेली ही गाणी. जात्याचा उभा खुंटा म्हणजे अलिफ, अल्लाहचे पहिले अक्षर, असा त्यांतला भाव. अभ्यासक रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवर लिहिताना दाखवून दिले की दख्खनच्या खेड्यापाड्यांत इस्लामचा विचार पोचला तो पुष्कळसा अशा गाण्यांमधून, बायकांच्या तोंडून. तलवारीच्या धाकाने धर्म पसरला, असे म्हणणाऱ्यांनी आणि केवळ मोठ्या आलिमांच्या पांडित्याने पसरला, असे मानणाऱ्यांनीही या जात्याची घरघर ऐकावी. आमच्या घरांतल्या आज्या-पणज्या जात्यावर बसत, तेव्हा शेजारच्या घरातून ओवी येई. ताल एकच, कारण जाते एकच आणि ज्वारीही एकच. मराठी ओवी आणि दखनी चक्कीनामा यांना शेजारी ठेवून अभ्यास व्हायला हवा, आणि तो मराठी मुसलमान घरांतल्या लेकीबाळींनी केला तर फार चांगले.

मगरिबनंतर खोलीवर परतताना गगनमहालाची प्रचंड कमान अंधारात उभी होती. १५६१ साली पहिल्या अली आदिलशहाने बांधलेला हा महाल. १६८६ च्या १२ सप्टेंबरला आदिलशाही संपली. सुमारे सतरा महिने वेढा चालला. अखेरीस स्वतः औरंगजेब येऊन बसला आणि कोवळ्या वयाच्या सिकंदर आदिलशहाने शरणागती पत्करली. त्याला चांदीच्या बेड्या घालून या कमानीखाली बादशहापुढे आणले, असे सांगतात. उरलेले आयुष्य त्याने कैदेत काढले. वेढ्याच्या काळात विजापूरने गोवळकोंड्याच्या कुतुबशहाकडे मदत मागितली आणि संभाजी महाराजांकडेही. एका मुसलमान राज्याचा शेवट एका मुसलमान बादशहाने केला आणि त्याला वाचवण्यासाठी हात पुढे झाला तो रायगडाचाही. ज्यांना आजचा राग सोळाव्या-सतराव्या शतकात नेऊन ओतायचा आहे, त्यांची ही गोष्ट अडचण करते. म्हणून ती धड्यात नसते.

शहराचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे विजयपूर, कन्नडात विजयपुरा, असे झाले आहे. आपल्याकडेही २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर. विजापूर या नावाचे मूळ 'विजयपूर' हेच आहे आणि ते आदिलशाहीच्याही आधीचे, तेव्हा येथे तक्रारीला फारशी जागा नाही. आणि नाव बदलल्याने गंजातून पाणी चढायचे राहत नाही, खांबावरचा रेवय्या पुसला जात नाही, याकूतही जात नाही. काळजी आहे ती वेगळी. नावाबरोबर आठवणही सोडून द्यायची घाई काहींना झालेली दिसते, आणि आमच्या बाजूला काहींना त्याच घाईने सुलतानांच्या वैभवाचा वारसा अंगावर पांघरायचा आहे.

त्या रात्री दोन घास खाऊन यावरच बोलणे झाले. आमचा कॉलेजातला पोरगा म्हणाला, "हे सगळं आपलंच ना, चाचा?" कंडक्टर चाचांनी थोडे थांबून उत्तर दिले, "बेटा, आपले पूर्वज या महालात राहत नव्हते. ते महालाला चुना मळत होते." आम्हाला हे उत्तर पटले. महाराष्ट्रातले बहुसंख्य मुसलमान मोमीन, बागवान, पिंजारी, तांबोळी, अत्तार, मुलाणी, शिकलगार अशा कष्टकरी जमातींचे. सुलतानांच्या गादीवर त्यांचा हक्क तेव्हाही नव्हता, आणि म्हणून सुलतानांच्या अपराधांचा जाब आज त्यांना विचारणे हा अन्याय आहे. त्याचबरोबर सुलतानांच्या ऐश्वर्याच्या गप्पा मारून आपल्या मुलांची गळती, बेकारी आणि झोपडपट्टीतले जिणे झाकता येणार नाही. सरंजामशाहीचा अभिमान बाळगून कोणत्याही गरीब जमातीचे भले झालेले नाही.

मग आमच्या वाट्याला काय येते? आमच्या मते पुष्कळ येते. घुमटाचा भार हिशेबाने पेलणारी गवंड्याची बुद्धी येते. कोरड्या माळावर पाणी खेळवणारी कारागिरी येते. मराठीत लिहिलेला जमाखर्च येतो, जात्यावरची गाणी येतात, सरस्वती आणि पैगंबर यांची नावे एकाच ग्रंथात घ्यायला न कचरलेली एका सुलतानाची मोकळी वृत्ती येते. हा वारसा जेवढा याकूतच्या वंशजांचा, तेवढाच रेवय्याच्या वंशजांचा. तो मिळवण्यासाठी दरबारात जायला नको, कोणाचा पाडावही करायला नको. वाचावे लागेल, कागद जपावे लागतील, आपल्या गावच्या जुन्या विहिरी, बारवा, मशिदी, दर्गे, त्यांवरचे लेख वेळीच उतरवून घ्यावे लागतील. मोडी वाचणारे हात आणि फारसी वाचणारे डोळे आपल्यात फार थोडे उरले आहेत. आमच्या पाच जणांपैकी कोणालाही दोन्ही येत नाही. मास्तरांनी मोडीच्या वर्गाला नाव घालायचे आणि पोराने फारसी शिकायची, असे त्या रात्री ठरले. पहाटे सिंदगीचा रस्ता धरायचा होता.